मु.पो. मधला ‘पो.’ : पोस्ट, टपाल की डाक?

आर्वीकडचा मास्तर
नववीला अर्जलेखन घेत होतो. पाकिटावर ‘मु.पो.’ लिहायला सांगितलं, तर एका पोरीनं विचारलं, “सर, पो. म्हंजे पोस्ट, तं मंग टपाल न् डाक कोणाले म्हणाचं?” थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. गावातल्या पोस्टावर पाटी आहे ‘शाखा डाकघर’, लोक म्हणतात पोस्ट आणि पाठ्यपुस्तकात असतं टपाल.

त्यात नवा कायदा. 1898 चा इंडियन पोस्ट ऑफिस ॲक्ट गेला आणि 2023 चा आला, 18 जून 2024 पासून लागूही झाला. मराठीत कोणी त्याला ‘टपाल कार्यालय कायदा’ म्हणतं, कोणी ‘डाकघर अधिनियम’, कोणी सरळ ‘पोस्ट ऑफिस कायदा’. मुलांना कोणता सांगू?

मुद्रितशोधक
टपाल. यात चर्चेसारखं काय आहे? टपाल मराठी, डाक हिंदी, पोस्ट इंग्रजी. तिन्हींचा अर्थ एकच. ‘डाकघर’ ही दिल्लीहून आलेली पाटी आहे.

सीताबर्डी
दिल्लीहून कशाला? 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूरच राजधानी होतं, आधी मध्य प्रांत-वऱ्हाडाची, नंतर जुन्या मध्य प्रदेशाची. हिंदी आणि मराठी एकाच कचेरीत शेजारी बसायच्या. आमचे आजोबा ‘डाक आली का?’ असंच विचारायचे आणि त्यांना हिंदी बोलता येत नव्हतं. डाकबंगला, डाकगाडी हे शब्द पुण्या-मुंबईच्या जुन्या माणसांनाही परके नाहीत. ‘टपाल’ तरी कुठे इतका सोवळा आहे? कानडी-तेलुगूतही तो आहे आणि त्याच्या व्युत्पत्तीवर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. टप्पा या शब्दाशी नातं जोडायला गोड वाटतं, एवढंच.

निवृत्त बीपीएम
मी ब्रांच पोस्टात बीपीएम, म्हंजे ब्रांच पोस्टमास्तर, म्हणून तीस वर्सं काढली. आधी आमाले ईडी, म्हंजे ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’, म्हणत, मंग ग्रामीण डाक सेवक झालो. काम तेच राह्यलं, नाव तेवढं बदललं. तिन्हीचा अर्थ एकच म्हणता, तं माह्यासंग एक दिवस बसाले पाह्यजे होतं.

पोस्ट म्हंजे जागा. ‘पोस्टात पैसे टाकले’, ‘पोस्टात जाऊन ये’. माह्या घरची वसरी हेच पोस्ट होतं. एक टेबल, एक लोखंडी पेटी, तराजू न् तारखेचा ठसा.

टपाल म्हंजे कागद. ‘तुमचं टपाल आलं’ म्हटलं का मानूस हात पुढं करे.

डाक म्हंजे थैली. ‘डाक बांधली का?’ ‘डाक निंघाली का?’ लाखेचा शिक्का बसला का आतलं टपाल दिसत नाही, मंग ते डाक होते. सब ऑफिसात थैली फोडली का पुन्हा टपाल. पावसाळ्यात नाल्याले पूर आला तं आमी म्हणत होतो, ‘आज डाक अटकली’. ‘टपाल अटकलं’ कोणीच म्हणे नाही.

मुद्रितशोधक
हा फरक मला माहीत नव्हता. माघार. पण ‘टपाल म्हणजे कागद’ पोस्टाबाहेरही चालतं. तहसीलमधला ‘टपाल टेबल’ बघा. तिथं हातानं दिलेला अर्जही ‘आजच्या टपालात’ जातो. हल्ली ईमेलची छापील प्रतसुद्धा.

तालुका कोर्ट
मास्तर, तुमच्या मूळ प्रश्नाची गंमत जुन्या कायद्याच्या व्याख्येतच आहे. 1898 च्या कलम 2 मध्ये ‘पोस्ट ऑफिस’ची व्याख्या दोनदा येते. इंग्रजीत लहान लिपीतला ‘पोस्ट ऑफिस’ म्हणजे घर, इमारत, खोली, गाडी, इतकंच काय, टपाल टाकायचा लाल डबासुद्धा! मोठ्या अक्षरांनी सुरू होणारा ‘पोस्ट ऑफिस’ म्हणजे अख्खं खातं. सगळा फरक दोन अक्षरांच्या आकाराचा, आणि आपल्या नागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीतच. म्हणून ‘टपाल कार्यालय’ किंवा ‘डाकघर’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर इमारत येते. नवा कायदा इमारतीचा नाही, खात्याचा आहे. माझं मत विचाराल तर ‘टपालखाते कायदा’. जुनी माणसं ‘पोस्टखातं’ म्हणतच होती.

दर्यापूरची सून
‘रजिस्टर’चं काय करायचं तेही सांगा. आमच्याकडे रजिस्ट्री म्हणजे वावराची. मागे पोस्टमननं दारातून ‘रजिस्ट्री आली’ अशी हाक मारली, तर सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या बाहेर, “कोनं विकलं वावर?” पाकीट होतं पतसंस्थेचं. आता तर 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलं म्हणतात.

तालुका कोर्ट
मिसळलं, पण वेगळे पैसे भरून नोंदणीची सोय घेता येते. शब्द इतक्यात मरणार नाही, कारण तो कायद्यांत रुतलेला आहे. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 27 असं की, पत्ता नीट लिहून, पैसे भरून, रजिस्टर पोस्टानं पाठवलेली नोटीस, उलट काही सिद्ध होत नाही तोवर, पोचली असं धरायचं. पक्षकार अजून ‘रजिस्टर एडी करा’, म्हणजे पोचपावतीसह पाठवा, असंच म्हणतो.

आणखी एक शब्द खास वऱ्हाडासाठी, मक्ता. पत्रं वाहून नेण्याचा सरकारचा ‘अनन्य विशेषाधिकार’ जुन्या कलम 4 मध्ये होता, नव्या कायद्यात तो नाही. राहिला तो टपाल तिकिटं काढण्याचा. कुरिअरवाले जे इतकी वर्षं करतच होते त्याला आता हरकत उरली नाही. अशिलाला ‘अनन्य विशेषाधिकार’ सांगितलं की तो तोंडाकडे बघतो. ‘पत्रांचा मक्ता सुटला, तिकिटांचा ठेवला’ म्हटलं की लगेच मान हलवतो, कारण त्यानं स्वतः वावर मक्त्यानं दिलेलं असतं.

सीताबर्डी
छान. पण वावराचा मक्ता सुटला की कोणीतरी दुसरा ते करतो. मेळघाटात धारणीच्या पुढच्या पाड्यावर पत्र न्यायला कोणता कुरिअरवाला रांगेत उभा आहे?

निवृत्त बीपीएम
कोनी नाही. माह्या बीटात, म्हंजे वाटपाच्या हद्दीत, पाच गावं होती. कुरिअरवाला तालुक्यावरून फोन करे, ‘येऊन घेऊन जा’.

आर्वीकडचा मास्तर
मूळ ‘पो.’कडे येतो. पोरीनं आज पुढचं विचारलं. तिच्या गावात पोस्टच नाही, मग तिनं ‘मु.पो.’ का लिहायचं?

निवृत्त बीपीएम
नाहीच लिहाचं! लय लोक इथं चुकते. पोस्ट असलेलं गाव ‘मु.पो.’ जोडून लिहिते. नसलेल्या गावानं ‘मु.’ आपलं लिहाव न् ‘पो.’ शेजारचं, मंग ता. न् जि. जुन्या लग्नपत्रिका काढून पाहा. ब्रांच मंजूर झाली त्या साली आमच्या सरपंचानं ग्रामपंचायतीचा रबरी शिक्का बदलून घेतला, ‘मु.’ न् ‘पो.’ एकत्र कराले.

मुद्रितशोधक
पिनकोड आल्यावर ‘पो.’ची गरज संपली नाही का?

सीताबर्डी
नाही. पिन 15 ऑगस्ट 1972 पासूनचा. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. 44 दिसलं की विदर्भ, पहिल्या तीन आकड्यांनी टपालाच्या छाटणीचा (सॉर्टिंगचा) जिल्हा, शेवटच्या तिनांनी वाटप करणारं पोस्ट. पण ब्रांच पोस्टाला स्वतःचा पिन नसतो, वरच्या सब ऑफिसचाच चालतो. एका पिनखाली दहा-बारा गावं सहज येतात, त्यातलं नेमकं कुठलं ते ‘पो.’च सांगतो.

नव्या कायद्यात पत्त्याचे मानक ठरवायचा अधिकार सरकारला आहे. 2025 मध्ये दहा अक्षर-अंकांचा डिजिपिन आणला, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला एक. म्हणजे तुमची वसरी एका डिजिपिनात आणि गोठा दुसऱ्यात.

दर्यापूरची सून
आणि ‘मारुतीच्या पाराजवळ’ कितव्या चौकोनात?

आर्वीकडचा मास्तर
ठरलं. फळ्यावर ‘टपालखाते कायदा, 2023’ लिहिलं आणि खाली बीपीएमसाहेबांचे तीन अर्थ. मग वाटलं, पोरांनी एकेक पोस्टकार्ड टाकून पाहावं, पन्नास पैशांचं तर आहे. वर्गात चौतीस पोरं, पोस्टात कार्डं निघाली अकरा. बाकीची ‘डाकेनं येतील’ असं तिथल्या बाई म्हणाल्या. शब्द बरोबर वापरला त्यांनी. त्या पोरीनं पहिलं कार्ड घेतलं, ‘मु.’पुढे आपलं गाव आणि ‘पो.’पुढे आमचं.