सावित्री की तारा? रविवारी बारसं आहे, मत सांगा

माहुलीची आत्या
भावाला मुलगी झाली. रविवारी साताऱ्यात बारसं आहे आणि आत्या या नात्याने बाळाच्या कानात नाव मलाच सांगायचंय. घरात शेवटी दोन नावं उरलीत. माझ्या आईला सावित्री हवंय, वहिनीला तारा. भटजींनी अक्षर काढून दिलंय, पण ते पाळण्यातल्या नावापुरतं वापरायचं ठरलंय, तेव्हा तो विषय नको.

माझा कौल सावित्रीला. सावित्रीबाई फुले आपल्या मातीतल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. जन्म ३ जानेवारी १८३१. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. शाळेला जाताना अंगावर शेण आलं, तरी त्या जात राहिल्या. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. माझ्या आईला सातवीनंतर शाळेतून काढलं होतं. नातीचं नाव सावित्री का हवंय, हे मला तिला विचारावंच लागलं नाही.

कराडकर
जिल्ह्याचंच नाव हवं तर तारा कुठलं परकं आहे? सरसेनापती हंबीरराव मोहिते तळबीडचे, आमच्या कराड तालुक्यातले. त्यांची लेक महाराणी ताराबाई. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा बाईंचं वय पंचविशीचं, पदरात लहान मुलगा, आणि समोर स्वतः औरंगजेब ठाण मांडून बसलेला. साताऱ्याचा किल्ला त्याच वर्षी मोगलांच्या हाती गेला. तरी पुढची सात वर्षं त्यांनी राज्य हलतं ठेवलं, आणि १७०७ मध्ये औरंगजेब इथल्याच मातीत संपला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी बारसं घालताय आणि ताराबाई आठवत नाहीत?

वाईची लेक
कराडकर दादा, पुढचंही सांगा की. त्याच ताराबाईंनी १७५० मध्ये साताऱ्याचे छत्रपती रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत ठेवलं. आधी नातू म्हणून पुढे आणलं, मग नातू नाहीच म्हणाल्या. सावित्रीबाईंच्या नावाला असली किनार नाही. माझं मत सावित्री.

कराडकर
राज्य चालवणाऱ्या माणसाला असले निर्णय घ्यावे लागतात. पुरुषाने घेतले की त्याला मुत्सद्दी म्हणता, आणि बाईने घेतले की किनार दिसते. पंचाहत्तरीची बाई पेशव्यांपुढे वाकली नाही, हे मला तरी नाव ठेवण्यासारखं वाटतं.

विट्याची सून
माझं स्वतःचं नाव सावित्री आहे, म्हणून बोलते. नाव ठेवताना सगळ्यांच्या मनात फुले असतात, पण लग्न झालं की सगळ्यांना सत्यवानाचीच सावित्री आठवते. ज्येष्ठात वटपौर्णिमा आली की कुणी ना कुणी म्हणतंच, "तुझं नावच सावित्री, तू उपास मोडून कसं चालेल?" मालक आजारी पडले तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात एका नातेवाईक बाईंनी माझा हात धरून सांगितलं, "तू आणशील त्याला परत." माझ्या पोटात गोळा आला. ते बरे झाले ते औषधाने. पण झाले नसते तर तेही माझ्याच नावावर लागलं असतं, असं मला आजही वाटतं. ताई, वहिनी तारा म्हणत्यात ना, त्यांचं ऐका.

माहुलीची आत्या
विट्याच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. तुम्हाला बोलणाऱ्यांचं चुकलंच. पण महाभारतातली सावित्री अशी नाहीच हो. बापाने सांगितलं, तुझा वर तूच शोध, आणि ती रथ घेऊन निघाली. वर्षभरात हा मरणार म्हणून नारदाने बजावलं, तरी निवड बदलली नाही. यमाशी ती रडून भांडली नाही, मुद्दे मांडत गेली. आधी सासऱ्याचे डोळे आणि राज्य, मग बापाला शंभर पुत्र, मग स्वतःला. तिथे यम बोलण्यात अडकला. एवढी हुशार मुलगी आपण वडाला दोरा गुंडाळण्यापुरती ठेवली, हा आपला दोष. नाव का टाकायचं त्यासाठी?

विट्याची सून
पोथीतलं तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण दवाखान्यातल्या बाईंनी पोथी वाचलेली नसते. आणि हे सगळं समजावत बसायचं काम तुमच्या भाचीला करावं लागणार, तुम्हाला नाही.

शाहूपुरी
सोयीचं बघा थोडं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदावर बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लागतं. चार शब्द होतात. त्यात तारा सुटसुटीत. सावित्रीला आमच्याकडची म्हातारी माणसं सावतरीच म्हणतात आणि पोरं सावी करून टाकतात. घाई मात्र करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करा, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.

पाटणचे गुरुजी
एक आठवण करून देतो. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच जिल्ह्यात २८५ मुलींची नावं बदलली गेली. तोवर त्या सगळ्या नकुशा होत्या. मुलगा हवा होता म्हणून ठेवलेलं नाव, आणि हजेरी घेताना रोज मोठ्याने उच्चारायचं. नवीन नाव निवडायची वेळ आली तेव्हा कुणी ऐश्वर्या झाली, तर कुणी सावित्री. ज्या पोरींना नावाचा चटका बसला होता त्यांच्यातल्याही काहींना सावित्रीच व्हावंसं वाटलं, म्हणून माझं मत तिकडे. ताराला माझा विरोध नाही. मुलगी झाली म्हणून दोन नावांवरून घर हौसेने भांडतंय, हे बघूनच मला बरं वाटलं.

कराडकर
गुरुजी, नकुशांचं मान्य. पण त्या मुलींनी आपलं नाव स्वतः निवडलं. इथे बाळाला विचारता येत नाही, मग तिच्या आईला तरी विचारा. नऊ महिने वाढवलं तिने. आजीचा मान मोठा, पण आजीने आपल्या लेकीचं नाव ठेवून घेतलंय ना एकदा?

माहुलीची आत्या
कराडकर दादांचं हे शेवटचं लागलं. काल रात्री वहिनीशी आणि आईशी एकत्र बोलले. विट्याच्या ताईंचं दोघींना वाचून दाखवलं. वहिनी म्हणाली, सावित्री चालेल, पण या घरात तिला उपासतापासावरून कुणी नावाची आठवण करून द्यायची नाही, आणि तसं आईंनी पाहुण्यांसमोर बोलून दाखवायचं. आई गप्प बसली. वटपौर्णिमा तिने आजवर एकदाही चुकवलेली नाही, तिला हे जड जाणार. विचार करते म्हणाली. माझं मत अजूनही सावित्रीच. पण रविवारी पाळण्याशी वाकायच्या आधी मी वहिनीकडे बघणार, आणि ती तारा म्हणाली तर तारा.