झोपेची गोळी म्हणे एनपीटीईएल!

खडूस_काका:
काल दुसऱ्या धाग्यावर एकानं ठणकावलंय: "एनपीटीईएल म्हणजे झोपेची गोळी. करिअरला कोर्सेरा, छंदाला युडेमी, विषय संपला." अहो, कोर्सेरा-युडेमी या कोर्स विकणाऱ्या वेबसाइट; एनपीटीईएलवर २००३ पासून आयआयटीचे मास्तर ऑनलाइन फुकट शिकवतायत. पैसे लागतात ते फक्त परीक्षेचे, आणि तीही केंद्रावर जाऊन द्यायची. तिला ७५ मार्क, असाइनमेंटला २५. मी बावन्नाव्या वर्षी दिली. गेटवरचा म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबा." तुमच्या सर्टिफिकेटांना असं समोर बसवून कोण घेतं परीक्षा?

आयटी_हमाल:
काका, तो 'एकानं' म्हणजे मीच. मी इंटरव्ह्यू घेतो. तुमचं काय नि कोर्सेराचं काय, सर्टिफिकेट बाजूला ठेवतो आणि विचारतो, "बनवलंस काय?" कोर्सेराचा सहसंस्थापक अँड्र्यू एन्ग, त्याचा मशीन लर्निंगचा कोर्स मी ऑक्टेव्ह नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जमान्यात केला. थोडा व्हिडिओ, लगेच प्रश्न. तासभर फळ्याकडे तोंड नाही.

हप्तेवाली:
दोघंही नशीबवान. माझ्या भावाला 'नोकरीची हमी' देणाऱ्या एका ॲपनं कोर्सच्या नावाखाली कर्जच गळ्यात बांधलं. क्लास दोन महिन्यांत सुटला. हप्ता सुटला नाही.

धाधिंधिंधा:
'छंदाला युडेमी' वाचून करमणूक झाली. मी न्यू जर्सीत रेकॉर्डेड तबला शिकलो. 'तिरकिट' हा बोल थांबवून थांबवून पाहिला. बोटं त्यांची दिसतात, माझी चुकतात ती कोण बघणार? मग पुण्याचे गुरुजी, व्हिडिओ कॉलवर. ते लेहरा (ताल मोजायला फिरत राहणारी धून) धरायचे, मी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, धा मारायचो, तो नेटवरून त्यांना पोचेस्तोवर ते पुढच्या मात्रेला. दोघंही तालात आणि भांडण रोज! शेवटी म्हणाले, लेहरा तुझ्याकडेच लाव, मी नुसता ऐकतो.

जुनं_ते_सोनं:
याला शिकणं म्हणतात? आमच्या वडिलांनी गुरूंच्या घरी पाणी भरलंय.

धाधिंधिंधा:
पाणी भरून किती जण वाजवायला लागले तेही सांगा.

जुनं_ते_सोनं:
वडिलांवर जाऊ नका! डॉलरात फी मोजली म्हणजे तालीम होत नाही.

धाधिंधिंधा:
फी रुपयांतच देतो. आणि पहाटे साडेपाचला उठतो, कारण गुरुजींना तीच वेळ जमते. ही तालीम नाही तर काय?

हप्तेवाली:
वडील आणले कुणी? तुम्हीच ना, सोनं?

आयटी_हमाल:
धागा कसला होता, आठवतंय का कुणाला? बरं काका, केंद्रावरच्या परीक्षेचा मुद्दा मान्य. आमच्या कोर्सेरावर क्विझ पुन्हा पुन्हा देता येते, तिसऱ्यांदा सगळेच हुशार. पण १.७५च्या स्पीडला लावल्याशिवाय तुमचे मास्तर मला सोसत नाहीत, यावर मी ठाम आहे.

खडूस_काका:
मी १.५ला लावतो. हे बाहेर बोलू नका. आणि धाधिंधिंधा, लेहऱ्याचं ॲप कुठलं वापरता ते कळवा. डग्गा माळ्यावर आहे, त्यावरची काळी शाई अजून शाबूत आहे.