मदत हवी आहे: आतल्या केशपेशीत दिसणारी कॅल्शियमची चमक तिची स्वतःची की शेजारच्या पेशीची?

नमस्कार. पीएचडीसाठी उंदराच्या पाच-सहा दिवसांच्या पिल्लांचा कॉक्लिया (आतल्या कानातला शंखासारखा भाग) काढून त्यात फ्लुओ-४ (कॅल्शियमला जोडलं की चमकणारा रंग) भरते आणि केशपेशींतलं, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींतलं, कॅल्शियम टिपते. तीन आठवडे एकाच ठिकाणी अडले आहे.

उंदराला ऐकू येऊ लागतं ते साधारण बाराव्या दिवशी. त्याआधी आतल्या केशपेशी गप्प नसतात. त्यांच्या शेजारच्या कॉलिकरच्या अवयवातल्या आधारपेशी आपणहून एटीपी हा रेणू सोडतात. ते आधारपेशींवरच्याच पी२वाय१ ग्राहकाला लागलं की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, त्यामुळे टीएमईएम१६ए ही वाहिनी उघडते, क्लोराइड बाहेर पडतं आणि त्याच्यामागून पोटॅशियम. या पोटॅशियममुळे केशपेशी उत्तेजित होते, तिच्या सीएव्ही १.३ वाहिन्यांतून कॅल्शियम आत येतं आणि चेतातंतूला संदेश जातो. कान उघडण्याआधीच मेंदूकडे जाणारे हे संदेश हाच माझ्या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे चुकीचं मोजायचं नाहीये.

आता अडचण. आधारपेशींतून कॅल्शियमची लाट सरकताना स्पष्ट दिसते. ती जवळ आली की केशपेशीही उजळते. निफेडिपिन (सीएव्ही १.३ सारख्या वाहिन्या अडवणारं औषध) दिलं तर लाटा तशाच राहतात, ते अपेक्षितच, कारण त्या साठ्यातल्या कॅल्शियमवर चालतात. पण केशपेशीतली चमकही पूर्ण जात नाही, नुसती मंदावते. मग उरलेलं कॅल्शियम येतं कुठून? केशपेशी आधारपेशींना गॅप जंक्शननं (पेशी-पेशींमधल्या थेट वाटांनी) जोडलेल्या नसतात, म्हणजे लाट थेट आत शिरणार नाही. एटीपी केशपेशीवर स्वतंत्रपणे काम करतंय का? की सीएव्ही १.३ पूर्ण बंदच झालेल्या नाहीत? साधा फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक, सेकंदाला दोन फ्रेम, खोलीचं तापमान.

बाहेरच्या द्रावणातलं कॅल्शियम काढून बघावं असा विचार आहे. कुणी केलंय का?

प्रतिसाद १:
कॅल्शियम काढण्याची घाई करू नका. ते फार कमी झालं की आधारपेशींतल्या कनेक्सिन या प्रथिनाची अर्धवाहिनी (पेशीतून बाहेर जाणारी वाट) उघडते आणि एटीपी आणखीच सुटतं. कीलेटर (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) घातलात तर केशपेशींचे टिप लिंकही (केसांची टोकं जोडणारे धागे) तुटतात. म्हणजे एका प्रश्नाचे तीन होतील. मला संशय प्रकाशाचा आहे. आतल्या केशपेशीला आधारपेशी चहूबाजूंनी बिलगलेल्या असतात. साध्या सूक्ष्मदर्शकात त्यांचा उजेड केशपेशीच्या चौकटीत सांडतो. उरलेल्या चमकेचा आलेख लाटेच्या आलेखावर ठेवून पहा. दोन्ही सारखेच संथ चढत-उतरत असतील तर ती चमक शेजाऱ्यांची. केशपेशीची स्वतःची उसळी झटकन चढते, पण सेकंदाला दोन फ्रेममध्ये तो फरक पुसला जातो.

प्रतिसाद २:
वरचं पटलं. दोन गोष्टी जोडतो. सीएव्ही १.३ ला निफेडिपिनसारखी औषधं त्याच जातीच्या सीएव्ही १.२ पेक्षा कमी लागू पडतात, आणि निफेडिपिन प्रकाशात मोडतं. द्रावण अंधारात ठेवता का? त्याच गटातलं इस्राडिपिन वापरून पहा. शक्य असेल तर फक्त केशपेशींत जीकॅम्प (कॅल्शियमनं चमकणारं प्रथिन) असलेले उंदीर मिळवा, सांडलेल्या उजेडाचा प्रश्नच मिटेल. शरीराच्या तापमानाला काम केलंत तर उसळ्याही जास्त मिळतील.

धागाकर्ती:
खूप आभार. जुन्या नोंदी काढून आलेख एकमेकांवर ठेवले. निफेडिपिननंतर उरलेली चमक बहुतेक पेशींत लाटेच्याच चालीनं चढते-उतरते. दोन पेशींत मात्र वेगळी, तीक्ष्ण चढण दिसतेय. निफेडिपिनची बाटली उजेडातच होती. सोमवारी कॉन्फोकलची (एकाच पातळीतला उजेड टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची) वेळ घेतली आहे, इस्राडिपिन मागवते. त्या दोन पेशींचं काय निघतं ते इथेच लिहीन.