रंग राहू दे, आधी तळ बघा

दादा, मुरुडहून गणपतीपुळ्याला घोडी न्यायला सेकंडहँड ट्रेलर बघताय म्हणून सांगतो, आधी रबरी मॅट उचलून खालच्या फळ्या बघा. आपल्याकडे खारा वारा, पाऊस, त्यात घोड्याचं मूत, सगळं आतून कुजतं आणि वरून कळतसुद्धा नाही. मी एकदा फळीला स्क्रूड्रायव्हर टोचला तर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला, त्यावर घोडं उभं करणार होतो हो! दोन घोड्यांमधलं पार्टिशन अंगाला घट्ट नको, घाटातल्या वळणावर घोडं पाय फाकवूनच तोल धरतं. खिडक्या दोन्हीकडून हव्यातच. आणि दोरी आखूड बांधू नका, मान खाली घालता आली नाही तर धूळ, कफ बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासात छाती धरते. दर 3-4 तासांनी थांबून पाणी दाखवा.