मदत हवी आहे : शिडाच्या बोटीच्या इंजिनाचा सायलेन्सर कशाचा घ्यावा?

नमस्कार मंडळी. गेटवेसमोर नांगरलेल्या आमच्या जुन्या शिडाच्या बोटीत दोन सिलिंडरचं यानमार २जीएम२० डिझेल इंजिन आहे. त्याचा स्टीलचा वॉटरलॉक सायलेन्सर (धुरासोबत येणारं कूलिंगचं खारं पाणी ज्यात साठतं तो डबा) वेल्डिंगच्या जोडावर गंजून पाझरतोय. इंजिन चालवलं की बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, खारं पाणी आणि केबिनमध्ये धूर. पाणी उपसता येतं, पण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, म्हणून तूर्त इंजिन बंदच ठेवलंय.

मुंबईतल्या दारूखाना भागातला एक फॅब्रिकेटर ३१६ स्टेनलेसमध्ये (खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं स्टील) हुबेहूब तसाच डबा करून द्यायला तयार आहे. मला धाकधूक एवढीच, की गरम खारं पाणी आणि डिझेलच्या धुरातलं आम्ल मिळून स्टेनलेसलाही वेल्डपाशी खातं. फायबरग्लास गंजणार नाही, पण कूलिंगचं पाणी मध्येच थांबलं तर तो किती तग धरतो? कोणी प्रत्यक्ष वापरलाय का?

दुसरं मापाचं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इंजिन बंद केल्यावर एक्झॉस्टच्या होजमधलं (धूर-पाणी बाहेर नेणाऱ्या नळीतलं) पाणी उलटं सायलेन्सरमध्ये उतरतं. ते त्यात मावलं नाही तर थेट सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. आमच्याकडे उंचीला जागा फार कमी आहे. बुटका, आडवा डबा बसवला तर बोट कलल्यावरही पाणी नीट धरेल का?

मिक्सिंग एल्बोही (धुरात कूलिंगचं पाणी जिथे मिसळतं तो वाकडा पाइप) याच वेळी उतरवून बघणार आहे, कार्बनने चोंदला असेल तर नवाच घालेन. मुंबई, अलिबाग किंवा गोव्यात हे काम केलेलं कोणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. पावसाळ्यासाठी बोट वर काढण्याआधी उरकायचंय.