अनुभव धागा : कोकणात दिवसभर पाठीवर राहणारी कॅमेऱ्याची बॅग

कोकणात फिरायला कॅमेऱ्याची कोणती बॅग घ्यावी, असं विचारलं की दोन-चार कंपन्यांची नावं पुढे येतात आणि विषय तिथेच संपतो. या धाग्यात मला दोन वेगळ्या गोष्टी हव्या आहेत. दिवस मावळताना तुमचे खांदे कसे असतात? आणि दिवसभरात तुम्ही ती बॅग खाली कुठे ठेवता?

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दुकानात बॅग स्वच्छ काउंटरवर उघडून दाखवतात. आपल्याकडे तिच्या वाट्याला ओली वाळू येते, होडीच्या तळाशी साचलेलं खारं पाणी येतं, मे महिन्यातला तापलेला कातळ येतो. जी बॅग खाली ठेवताच येत नाही ती सबंध दिवस अंगावर राहते, म्हणून ती अंगावर कशी बसते याला इथे दुप्पट किंमत आहे.

माझ्यापासून सुरुवात करते. मी रत्नागिरीची. कॅमेऱ्यासाठीची खास बॅग मी वापरत नाही. ट्रेकिंगची तीस लिटरची साधी सॅक घेते आणि तिच्यात कॅमेऱ्याचा गादीवाला सुटा कप्पा बसवते. बहुतेक कॅमेरा-बॅगांमध्ये लेन्सना सहा घरं असतात, पण डबा, दोन बाटल्या पाणी, पंचा आणि छत्री यांना जागा नसते. दमट हवेत घाम इतका जातो की पाण्यावाचून चालत नाही. शिवाय ट्रेकिंगच्या सॅकची पाठ आणि पट्टे चालणाऱ्या माणसासाठीच घडवलेले असतात. लेन्स बदलायला वरून हात घालावा लागतो, हा त्रास आहे. तो मला चालतो.

आता तुम्ही लिहा. काय घेऊन फिरता, वजन किती, आणि त्रास नेमका कुठे होतो, एवढं जरूर लिहा.

गुहागरहून, पक्ष्यांचे फोटो काढणारा

माझी गरज वजनाची. सहाशे मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स एकटीच दोन किलोच्या वर भरते. त्यात बॉडी, दुर्बीण, ट्रायपॉड आणि पाणी धरलं की आठ-नऊ किलो होतात. खाडीकाठी समुद्र गरुडाची वाट बघत हे ओझं निव्वळ खांद्यांवर पेललं तर दुपारनंतर मान वळत नाही. कंबरपट्टा हवाच, आणि तो खरा हवा. दोन बोटं रुंदीची नुसती पट्टी सॅक हलू देत नाही इतकंच, वजन उचलत नाही. पट्टा जाड, गादीचा आणि कमरेच्या हाडावर बसणारा असावा. पोटावर बसला तर श्वास कोंडतो.

घालण्याचीही रीत आहे. सगळे पट्टे सैल करून सॅक चढवायची, कंबरपट्टा हाडावर आवळायचा, मग खांद्याचे पट्टे ओढायचे, छातीपट्टा शेवटी. बहुतेक लोक उलट्या क्रमाने करतात आणि सगळं ओझं खांद्यांवर येतं.

पाठीची लांबीही मोजून घ्या. मान पुढे झुकवली की जो मणका वर येतो, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. सारख्या उंचीच्या दोघांची पाठ सारखी नसते, त्यामुळे मित्राला सुखाची झालेली बॅग तुम्हाला टोचू शकते. मोठी लेन्स पाठीला लागून उभी ठेवायची. ती बाहेरच्या बाजूला गेली की सॅक मागे खेचते आणि आपण नकळत पुढे वाकून चालतो.

दापोलीहून, निवृत्त शिक्षिका

मी हलकी. छोटा मिररलेस, एक लेन्स, आडव्या पट्ट्याची स्लिंग. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो तेव्हा पाठीवरची मोठी सॅक घेऊन त्या गर्दीत शिरणं म्हणजे टोपल्या उचलणाऱ्या बायकांच्या वाटेत उभं राहणं. स्लिंग पोटावर फिरवून घेतली की कॅमेरा हाताशी, आणि कोणाला धक्का नाही. एसटीतही ती मांडीवर मावते. पण दोन किलोंच्या पुढे स्लिंगवर जाऊ नका. एकच खांदा भरून येतो, आणि सगळ्याच स्लिंग उजव्या-डाव्या दोन्ही खांद्यांवर घालता येत नाहीत.

बायकांसाठी एक गोष्ट. सरळ पट्ट्यांच्या सॅक छातीच्या कडेला आणि काखेत कापतात. आतून बाहेर वळण घेतलेले पट्टे आणि वरखाली सरकणारा छातीपट्टा असेल तर तो त्रास जातो. दुकानात लाजू नका, घालून बघा.

मालवणहून

सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होडीत चढताना-उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. होडीवाले सांगतातच, ‘बॅग पाठीर टाका, हात मोकळे ठेवा.’ म्हणून मी सॅकवाला.

रेनकव्हरवर समुद्रात भिस्त ठेवू नका. ते पावसासाठी, तेही अर्धवट. पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि पाणी आपल्या अंगावरून तिथे उतरतं. लाटेचा तुषार तर कुठूनही येतो. सॅकच्या आत गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी ठेवा, कॅमेरा तिच्यात. ती फारशी महाग नाही.

खाऱ्या हवेत पहिली जाते ती चेन. धातूच्या रनरवर पांढरी पूड धरते आणि तो अडकतो. घरी आलं की गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळी बॅग पुसायची, चेनचे दात जुन्या टूथब्रशने घासायचे, वाळल्यावर त्यांवर मेणबत्ती फिरवायची. घेतानाच जाड, प्लास्टिकच्या दातांची चेन बघून घ्या.

वेळासला दर हंगामात जाणारी

ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. त्या वेळी बॅग न्यायचीच नाही, असं माझं ठाम मत आहे. एक कॅमेरा, एक लेन्स, गळ्यात. फ्लॅश वापरायचा नाही. बाकी सगळं मुक्कामाच्या घरी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे कासवांच्या संवर्धनाचं काम उभं केलं आणि गावाने ते आपलं मानलं. बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे वाळूत टेकवलेली बॅग, ट्रायपॉडचा पाय, आपल्या पावलाचा खड्डा, हे सगळं बोटभर पिल्लाच्या वाटेतले अडथळे आहेत. आणि वाळू एकदा वेल्क्रोत गेली की ती तिथेच राहते.

राजापूरहून, कातळशिल्पं बघायला लोकांना नेणारा

बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ. इथल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, कोरलेली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत, त्यामुळे कॅमेरे घेऊन येणारे वाढलेत. कोरीव रेषा उथळ असल्याने त्या तिरप्या उन्हातच उठून दिसतात. म्हणजे सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, आणि मधला सगळा वेळ सड्यावर सावली नाही. काळी बॅग इतकी तापते की हात लावला तरी कळतं. फिकट रंगाची घ्या. पाठीला हवा खेळेल अशी ताणलेली जाळी असेल तर उत्तम.

आणखी एक. जिचा मुख्य कप्पा पाठीच्या बाजूने उघडतो ती सॅक इथे सोयीची. खाली ठेवली की बाहेरचं अंग धुळीत जातं, अंगाला लागणारी बाजू स्वच्छ राहते. मात्र ती शिल्पावर ठेवू नका, कडेला ठेवा.

श्रावण-भाद्रपदात याच सड्यावर फुलं येतात. तेव्हा पोटावर पडून फोटो काढावे लागतात आणि पाठीवरची सॅक नकोशी होते. कमरेची छोटी पिशवी पुरते.

कुडाळहून

मी दशावतार टिपतो. रात्रभर. दोनच गोष्टी सांगतो. वेल्क्रोची बॅग नको, शांत प्रसंगात तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि नटाचा ताल बिघडतो. आणि आतलं अस्तर फिकट हवं. काळ्या अस्तरात अंधारात काळी लेन्स-कॅप हाताला लागत नाही.

सावंतवाडीहून, कॅमेरा दुरुस्ती करणारा

सगळ्यांनी बॅग बाहेर कशी वापरायची ते लिहिलं. ती घरी असते तेव्हाचं मी लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या बुरशी लागलेल्या लेन्स बहुतेक वेळा बॅगेतच महिनोन् महिने पडलेल्या असतात. बॅगेतला फोम ओल धरून ठेवतो. पावसाळ्यात तीच बॅग चेन लावून फडताळात गेली की आत अंधार, ओल आणि कोंदट हवा. बुरशीला आणखी काय हवं? ती काचेवरच्या लेपाला खाते, आणि मग पुसून डाग जात नाही.

प्रवासाहून आलात की बॅग पूर्ण रिकामी करा, कप्प्यांच्या भिंती सुट्या करा, पंख्याखाली वाळवा. कॅमेरा आणि लेन्स झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असावा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं.

बॅगेच्या आतला जलरोधक लेप काही वर्षांनी चिकट होऊन पापुद्रे सुटतात, तेही याच दमट हवेमुळे. पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्याने विघटित होतो. जुनी बॅग घेणार असाल तर आतून बोट फिरवून बघा.

एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या. थंड काचेवर बाहेरचं बाष्प लगेच धरतं.

पुण्याहून एक विचारणा

डिसेंबरात गणपतीपुळे ते वेंगुर्ला असा प्रवास ठरतोय. बॅग घ्यायची आहे. एक बॉडी, दोन लेन्स. दुकानात नेमकं काय तपासू?

धागाकर्ती

तुमचा कॅमेरा, लेन्स आणि पाण्याची भरलेली बाटली दुकानात घेऊन जा. गुहागरकरांनी सांगितलेल्या क्रमाने पट्टे आवळा. वीस मिनिटं अंगावर ठेवा, जिना चढा-उतरा, खुर्चीत बसून मांडीवर घेऊन उघडा. मग उभ्यानेच, बॅग जमिनीला न टेकवता, कॅमेरा बाहेर काढता येतो का बघा. हे शेवटचं जमलं नाही तर ती बॅग कोकणासाठी घेऊ नका. दोन लेन्सना वीस-पंचवीस लिटर पुरतात. सोबत जलरोधक पिशवीही घ्या.

लहान मूल बरोबर घेऊन फिरणाऱ्यांचा आणि दुचाकीवरून सागरी महामार्ग केलेल्यांचा अनुभव अजून आलेला नाही. तुमच्यापैकी कोणी असेल तर लिहा.