मदत हवी आहे: सेव्हिंग थ्रो नक्की कशासाठी?

खडूस_डीएम
लवकर सांगा, रविवारी परत डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा पात्रांचा खेळ) खेळायला बसायचंय. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. भावाच्या पात्राला कोळी चावला. हल्ल्याचं दान मी सगळ्यांसमोर टाकलं, लागलं. मग विषाचा सेव्ह (सेव्हिंग थ्रो, म्हणजे वाचायचं दान), त्यात भावाला ९ पडले. पात्र मेलं. आता भाऊ रुसून बसलाय. म्हणतो, चावला तर चावला, परत दान कशाला? त्यात तो सेव्हचा तक्ता! विष वेगळं, जादूची कांडी वेगळी, दगड होणं वेगळं, ड्रॅगनची फुंकर वेगळी, मंत्र वेगळे. कांडीतूनही जादूच निघते ना? चपळाई, काटकपणा असं सरळ का नाही ठेवलं?

फाटका_तंबू
आवृत्ती कोणती? कोळी कोणता? हे न सांगता आम्ही काय कपाळ सांगणार?

कांदेपोहे२०
पाचवी आवृत्ती घ्या. सहा गुण, सहा सेव्ह, विषय संपला.

खडूस_डीएम
लाल डबा, नवख्यांसाठीचा जुना संच. कोळी क्रॅब स्पायडर.

सोंगटीवाला
कुठला लाल? १९८१ चा की १९८३ चा? ८१ चा खरं तर किरमिजी आहे.

फाटका_तंबू
राहू द्या हो रंग, पहिल्या पातळीचे आकडे १९७४ पासून जवळपास तेच आहेत. @खडूस, तो तक्ता अंगच्या गुणांचा नाहीये, मरायच्या प्रकारांचा आहे. हल्ल्याचं दान सांगतं की दात पोचला. विष रक्तात गेलं का, ते सेव्ह सांगतो. दात बुटाच्या चामड्यातच अडकला असेल, काय माहीत! आधी फासा, मग गोष्ट. १९७९ च्या डीएमच्या पुस्तकात गायगॅक्सने (हा खेळ बनवणाऱ्यांपैकी एक) खडकाला साखळीने जखडलेल्या माणसालाही ड्रॅगनच्या आगीतून सेव्ह दिलाय. सापडली असेल एखादी कपार.
कांडीचं म्हणाल तर नवख्या फायटरला (लढवय्याला) कांडीसाठी निदान १३ लागतात, मंत्रासाठी १६. कांडी चुकवणं त्यातल्या त्यात सोपं.

सोंगटीवाला
कपार वगैरे नंतरची सारवासारव. मूळ आहे शिशाच्या सैनिकांच्या लढायांत. १९७१ च्या चेनमेलमध्ये (तसल्या लढायांचं नियमपुस्तक) ड्रॅगनची आग लागली की प्यादी सरसकट उचलायची, मोजक्या बड्या पात्रांनाच सुटकेचं दान. नायक पहिल्याच फटक्याला जाऊ नये, एवढाच हेतू.

फाटका_तंबू
मग मी वेगळं काय म्हणतोय? सगळं हुकल्यावरची शेवटची संधी. नव्या आवृत्त्यांनी तिचं अंगबळ करून टाकलं.

कांदेपोहे२०
अंगबळ असेल तर बिघडलं कुठे? काटक माणूस विष पचवतो. तुमच्याकडे पहिल्या पातळीचे सगळे फायटर विषाला १२ वरच, मग तो पैलवान असो की काडी.

फाटका_तंबू
असो की. पातळी वाढली की आकडा उतरतो, ४ थ्या पातळीला १०. जो जगत आलाय तो जगायला शिकतो.

मिलवॉकीकर
अवांतर: गायगॅक्सचं गाव लेक जिनिव्हा माझ्याकडून तासाभरावर. १९६८ चं पहिलं जेनकॉन (खेळवेड्यांचं संमेलन) तिथल्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये झालं. तळं सुंदर आहे, थंडीत जाऊ नका.

रंगीत_फासे
९ वारंवार पडतोय का? ग्लासभर पाण्यात भरपूर मीठ घालून फासा तरंगवा, टिचकी मारा. तोच आकडा वर येत राहिला तर फासा एका बाजूला जड.

खडूस_डीएम
एकदाच पडला हो!

फाटका_तंबू
क्रॅब स्पायडरच्या विषाला सेव्हवर +२ मिळतात, ते धरले होते?

खडूस_डीएम
नाही. पण ११ झाले तरी मेलाच, १२ लागतात.

फाटका_तंबू
पात्र कोण होतं?

खडूस_डीएम
फायटर. ड्वार्फ फायटर.

सोंगटीवाला
🤦 अहो, या डब्यात ड्वार्फ (बुटका) हा फायटरहून वेगळा, स्वतःच एक वर्ग आहे! त्याची ओळ वेगळी. विषाला ८.

फाटका_तंबू
म्हणजे ९ ला तो +२ शिवायही जिवंत. तुम्ही मारलात त्याला.

कांदेपोहे२०
पाचवी घ्या म्हणालो होतो.

खडूस_डीएम
बोंबला. भावाला फोन केला. ड्वार्फचा कागद त्याने त्याच रात्री फाडला. नवीन पात्र बनवलंय, मांत्रिक. एचपी (जीव किती ते) १. म्हणतो, आता हाच खेळणार, आणि दान तूच टाक.